पोलीस भरतीची मैदानी तयारी: गावात राहून कशी करायची, किती करायची आणि कुठे थांबायचं

पहाटे साडेचार-पाचच्या सुमारास गेवराई, माजलगाव, केज, धारूर, आष्टी, कुठल्याही तालुक्याच्या रस्त्याला लागा. हातात मोबाईलची बॅटरी धरून पळणारी पोरं-पोरी दिसणारच. २०२४ च्या राज्य पोलीस भरतीत साधारण साडेसतरा हजार जागांसाठी १७ लाखांहून जास्त अर्ज आले होते. यातले कितीतरी अर्ज आपल्यासारख्या दुष्काळी तालुक्यांतले. घरी दोन एकर कोरडवाहू, आई-बाप ऊसतोडीला, आणि पोराच्या डोक्यात एकच विषय, वर्दी.

पळणारे खूप आहेत, पण योग्य पद्धतीने पळणारे कमी. भरतीच्या तोंडावर नडगी धरून बसलेली, गुडघ्याला पट्टा बांधलेली, नाहीतर उन्हात चक्कर येऊन पडलेली पोरं दर भरतीला दिसतात. त्यातल्या बऱ्याच जणांचा दम चांगला असतो. घोटाळा तयारीच्या घाईत होतो. म्हणून ही माहिती एका जागी दिली आहे. जपून ठेवा, ग्रुपवर पाठवा.

चाचणीत काय असतं

पोलीस शिपाई पदासाठी मैदानी चाचणी ५० गुणांची आणि लेखी १०० गुणांची. मुलांना १६०० मीटर धावणे (२० गुण), १०० मीटर धावणे (१५ गुण) आणि गोळाफेक (१५ गुण). मुलींना १६०० च्या जागी ८०० मीटर, बाकी तेच. मुलांचा गोळा ७.२६० किलोचा, मुलींचा ४ किलोचा. चालक पदाला १०० मीटर नसते. तिथे लांब धावणे ३० आणि गोळा २० गुणांना असतो. एसआरपीएफचा हिशोब वेगळा आहे: ५ किलोमीटर, १०० मीटर आणि गोळा मिळून १०० गुण.

पूर्ण गुण घ्यायचे तर मुलांना १६०० मीटर ५ मिनिटं १० सेकंदांत, १०० मीटर साडेअकरा सेकंदांत आणि गोळा साडेआठ मीटर टाकावा लागतो. मुलींना ८०० मीटर २ मिनिटं ५० सेकंदांत, १०० मीटर १४ सेकंदांत आणि गोळा ६ मीटर. मैदानीत निम्मे गुण मिळाले नाहीत तर पुढे जाता येत नाही. निम्मे मिळाले तरी लेखीला जागेच्या दहापट उमेदवारच बोलावतात, त्यामुळे २५ गुणांवर कुणी खूश होऊ नये. उंची मुलांना १६५ सेंटीमीटर, मुलींना १५५. मुलांची छाती न फुगवता ७९ आणि फुगवून ५ सेंटीमीटर जास्त. हे नियम मधून-मधून बदलतात. जाहिरात आली की मूळ पीडीएफ स्वतः वाचा, व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या फोटोवर जाऊ नका.

दम लवकर येतो, हाडाला वेळ लागतो

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच आहे. पळायला सुरुवात केल्यावर सहा-आठ आठवड्यांत दम वाढलेला कळतो. पहिल्या आठवड्यात शाळेच्या मैदानाला दोन फेऱ्या मारून धापा टाकणारा पोरगा दोन महिन्यांत तीन-चार किलोमीटर आरामात पळतो. त्याला वाटतं आता आपण तयार झालो, आणि तो रोज आठ-दहा किलोमीटर डांबरीवर पळायला लागतो. पण नडगीचं हाड, घोट्यामागची शीर, गुडघ्याचे सांधे हे सगळं दमाच्या मागे चालत असतं. त्यांना घट्ट व्हायला कित्येक महिने लागतात. दम म्हणतो पळ, हाड म्हणतं थांब, आणि पोरं दमाचं ऐकतात.

म्हणून जाहिरात आल्यावर पळायला लागणारा उमेदवार आधीच मागे पडलेला असतो. निदान सहा महिने तरी हातात हवेत, वर्ष असेल तर उत्तम. पहिले दोन महिने आठवड्यातून चारच दिवस, अर्धा तास. थोडं पळा, थोडं चाला, परत पळा. वेग इतकाच ठेवा की शेजारच्या गड्याशी बोलत-बोलत पळता आलं पाहिजे. बोलता येत नसेल तर वेग जास्त झाला म्हणायचं. हे ऐकून पोरं हसतात, पण पाया यातूनच भरतो.

अंतर वाढवायचं तर दर आठवड्याला थोडं-थोडं वाढवा आणि दर तीन आठवड्यांनी एक आठवडा हलका ठेवा. डांबरी आणि सिमेंट रस्त्यापेक्षा पाणंद रस्ता, शाळेचं मैदान, तळ्याच्या कडेची मऊ माती चांगली. ढेकळातून मात्र पळू नका, घोटा मुरगळतो. आठवड्यातला एक दिवस पूर्ण विश्रांतीचा. त्या दिवशी अभ्यास करा, लेखीला १०० गुण आहेत हे बरेच जण विसरतात.

ऊसतोडीला जाणाऱ्या पोरांचा प्रश्न वेगळा आहे. दिवाळीच्या आसपास फडावर गेलेलं कुटुंब मार्च-एप्रिलला परततं. फडावर दिवसभर कोयता आणि डोक्यावर मोळ्या, वरून रोज पहाटे पळणं म्हणजे शरीरावर डबल मार. तिथे असताना आठवड्यातून दोन-तीन वेळा वीस मिनिटं हलकं पळणं पुरे, कष्ट तर चालूच आहेत. गावी आल्यावर लगेच उन्हाळा लागतो. अंगात ताकद असते पण वजन उतरलेलं असतं. आल्या-आल्या मागच्या वर्षीच्या वेगाने पळायला जाऊ नका, पहिले दोन-तीन आठवडे शून्यापासून सुरू केल्यासारखे धरा.

१६०० मीटर: पहिल्या फेरीत हरतात

१६०० मीटर म्हणजे ४०० मीटरच्या चार फेऱ्या. ५ मिनिटं १० सेकंदांत पळायचं तर प्रत्येक फेरीला साडेसत्त्याहत्तर सेकंद येतात. गर्दीत शिट्टी वाजली की पोरं पहिली फेरी ६५ सेकंदांत मारतात, तिसऱ्या फेरीत पाय दगड होतात आणि चौथीत मागचे सगळे पुढे निघून जातात. चारही फेऱ्या जवळपास सारख्या वेळेत मारायची सवय लावली तर तेवढ्याच दमावर बराच चांगला वेळ निघतो. मुलींना ८०० मीटर २ मिनिटं ५० सेकंदांत मारायचं तर फेरीला ८५ सेकंद.

पाया भरल्यावर, म्हणजे दोन-अडीच महिन्यांनी, आठवड्यातून दोन दिवस वेगाचे ठेवा. एक दिवस ४०० मीटरच्या पाच-सहा फेऱ्या ठरवलेल्या वेळेत, मध्ये दोन मिनिटं चालत विश्रांती. दुसऱ्या दिवशी २०० मीटरच्या आठ. या दोन दिवसांच्या मध्ये निदान एक हलका दिवस हवाच. पूर्ण १६०० ची ट्रायल तीन आठवड्यांतून एकदा. आपल्याकडे काही ठिकाणी रोज सकाळी पूर्ण ट्रायल घेतात, वर वहीत वेळ लिहितात. रोज पेपर दिल्याने अभ्यास होत नाही, तसाच हा प्रकार.

अंतर नीट मोजा. मोबाईलमधलं जीपीएस शंभर-दोनशे मीटरच्या हिशोबात चुकतं. गावातल्या गवंड्याकडे ३० मीटरचा टेप असतो, तो आणा आणि मैदानावर २०० मीटरची फेरी चुन्याने आखून घ्या. सरळ रस्त्यावर जाऊन-येऊन पळता तेव्हा प्रत्येक वळणावर वेळ जातो हे लक्षात ठेवा. भरतीच्या मैदानावर आता बहुतेक ठिकाणी आरएफआयडी चिप लावून वेळ घेतात, त्यामुळे मित्राने दिलेल्या गोड वेळेवर भरवसा नको. १०० मीटरला तर हाताने घेतलेली वेळ साधारण पाव सेकंदाने कमीच दिसते.

१०० मीटरला साडेअकरा सेकंद ही सोपी वेळ नाही, खरं सांगायचं तर बहुतेकांना ती मिळत नाही. पण सुरुवातीचे तीस मीटर सुधारता येतात. आठवड्यातून दोनदा ३० ते ६० मीटरच्या सहा-आठ धावा, मध्ये पूर्ण दम घेऊन. थोड्या चढावर पळाल्याने पायात जोर येतो. थंड अंगाने जोरात पळू नका, मांडीमागची शीर तुटते ती अशीच. आधी दहा मिनिटं हलकं पळणं, मग गुडघे वर उचलत पळणं, मग दोन-तीन अर्ध्या वेगाच्या धावा.

गोळा: इथे गुण स्वस्त मिळतात

धावण्यात वीस सेकंद कमी करायला तीन महिने लागतात. गोळ्यात पद्धत सुधारली तर महिन्या-दीड महिन्यात मीटरभर फरक पडू शकतो, तरीही पोरं गोळ्याकडे शेवटच्या आठवड्यात वळतात.

गोळा दगडासारखा भिरकवायचा नाही, मानेपासून ढकलायचा. तो तळहातावर नव्हे तर बोटांच्या मुळाशी ठेवा, हनुवटीखाली मानेला टेकवा, कोपर बाहेर. खरा जोर पायातून येतो. मागच्या पायावर वजन, गुडघा वाकवलेला, तिथून पाय सरळ होत जातो, कंबर फिरते, छाती पुढे येते आणि शेवटी हात सुटतो. गोळा समोरच्या घराच्या पत्र्यावरून जावा इतका वर जाऊ द्या. सरळ समोर ढकलला की लवकर पडतो. क्रिकेटच्या चेंडूसारखा फेकला तर कोपर आणि खांदा दोन्ही जातात. सुरुवात हलक्या गोळ्याने करा. आठवड्यातून तीन दिवस, दिवसाला पंधरा-वीस फेकी पुरे.

ताकदीसाठी जिम लागतेच असं नाही. जोर, बैठका, पाण्याची घागर घेऊन पायरी चढ-उतर, आणि पोट-कंबरेचे व्यायाम आठवड्यातून दोन-तीनदा. तालमीत जाणाऱ्या पोरांचा गोळा सहज लांब जातो, त्यामागे बैठकाच आहेत.

नडगी दुखते, आता काय

पळताना नडगीच्या आतल्या बाजूने लांबपर्यंत ठणकणं हे नवीन पळणाऱ्यांचं नेहमीचं दुखणं. पळणं कमी करा, मऊ जमिनीवर या, बर्फ लावा, पोटरीचा व्यायाम करा, बहुतेकांचं दोन-चार आठवड्यांत उतरतं. पण एका बोटाने दाखवता येईल अशा एकाच जागी दुखत असेल, तिथे दाबल्यावर जीव जातोय, रात्री झोपेतही ठणकतंय किंवा साधं चालताना दुखतंय, तर हाडाला बारीक चीर पडलेली असू शकते. सुरुवातीचे दोन-तीन आठवडे ती साध्या एक्स-रेमध्ये दिसतही नाही. म्हणून 'एक्स-रे क्लिअर आहे' म्हणून पळत राहू नका, हाडाच्या डॉक्टरला सगळं सांगा. अशा वेळी सहा-आठ आठवडे थांबलात तर पुढची भरती देता येते. दुखण्याची गोळी खाऊन पळालात तर चीर वाढते, आणि मग वर्ष जातं.

बुटांवर पैसे खर्च करा, ट्रॅकसूटवर नाही. टाच गुळगुळीत झालेले बूट बदला. चाचणीच्या दिवशी कोरे बूट घालू नका, निदान दोन-तीन आठवडे वापरलेले हवेत.

खाणं आणि रक्त

पावडरचे डबे घेऊ नका. साठ किलो वजनाच्या पळणाऱ्या पोराला दिवसाला साधारण ७० ते ९५ ग्रॅम प्रथिनं लागतात. ती घरातच आहेत. शंभर ग्रॅम शेंगदाण्यात २५ ग्रॅम, शंभर ग्रॅम कोरड्या मटकीत किंवा डाळीत बावीस-चोवीस, एका अंड्यात ६, एक लिटर दुधात तीस-बत्तीस. सोयाबीनची वडी तर शंभर ग्रॅमला पन्नासच्या आसपास जाते. ज्वारीची भाकरी, उसळ, पालेभाजी, शेंगदाणा-गूळ, दूध आणि जमेल तशी अंडी, एवढ्यावर चांगली तयारी होते. पळून आल्यावर तासाभरात काहीतरी खा. नुसत्या चहावर अकरा वाजेपर्यंत राहणारी पोरं आपल्याकडे फार.

मुलींनी एक काम आधी करावं, हिमोग्लोबिन तपासावं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त महिलांच्या अंगात रक्त कमी आढळलं. १२ च्या खाली असेल तर कितीही पळा, दम लागतच राहणार. बऱ्याच मुली 'माझ्यात दमच नाही' म्हणून सोडून देतात आणि दोष रक्ताचा असतो. प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासणी होते, लोहाच्या गोळ्या आशाताईंकडूनही मिळतात. गोळी लिंबूपाण्यासोबत घ्या, चहासोबत नको, चहाने लोह अंगी लागत नाही. पाळीच्या दिवसांत पळायला हरकत नाही, त्रास होत असेल तर हलकं ठेवा. पाळी दोन-तीन महिने येईनाशी झाली तर मात्र खाणं कमी पडतंय असं समजून डॉक्टरांना दाखवा. आणि आई-वडिलांनी नुसतं 'अंधारात जाऊ नको' म्हणण्यापेक्षा चार मुलींचा गट करून सोबत कुणीतरी मोठं माणूस द्यावं.

उन्हाचा धोका आणि इंजेक्शनचा नाद

जून २०१४ मध्ये मुंबईत पोलीस भरतीत पाच किलोमीटर धावताना कोसळून किमान चार उमेदवारांचा जीव गेला. त्यानंतर शिपाई पदासाठीचं अंतर कमी झालं. जून २०२४ मध्ये अंबरनाथजवळ बाळेगावला एसआरपीएफच्या चाचणीत धावताना काही जण पडले, त्यातला एक गेला. त्याच वर्षी झारखंडमध्ये उत्पादन शुल्क शिपाई भरतीत दहा किलोमीटरच्या धावेत दहाहून जास्त तरुण दगावले. हे सगळे वीस-पंचविशीतले, धडधाकट दिसणारे.

उन्हाची सवय शरीराला दहा ते चौदा दिवसांत होते. रोज फक्त पहाटे गारव्यात पळणाऱ्याची चाचणी सकाळी दहाच्या उन्हात लागली तर त्रास होणारच. म्हणून चाचणीच्या आधी दोन आठवडे सकाळी आठ-नऊच्या सुमारास हलकं पळून सवय करा. भर दुपारी नको. लघवी गडद पिवळी होत असेल तर पाणी कमी पडतंय. घाम खूप जात असेल तर ओआरएसचं पाकीट एक लिटर पाण्यात घ्या. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ.

सोबतचा पोरगा पळताना बरळायला लागला, तोल जायला लागला, अंग भट्टीसारखं तापलं, तर तो उष्माघात समजा. घाम येत असला तरी. सावलीत घ्या, कपडे सैल करा, डोक्यापासून पायापर्यंत पाणी ओता, वारा घाला, बर्फ असेल तर काखेत आणि जांघेत ठेवा. १०८ ला फोन लावा, पण गाडी येईपर्यंत पाणी ओतणं थांबवू नका. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नका.

ताप असताना पळायचं नाही, ताप उतरल्यावरही काही दिवस नाही. काही विषाणूंमुळे हृदयाच्या स्नायूला सूज येते आणि त्या वेळी जोरात पळणं जिवावर बेततं. पळताना कधी बेशुद्ध पडला असाल, छातीत दुखलं असेल, किंवा घरात कुणी तरुणपणी अचानक गेलं असेल, तर तयारी सुरू करण्याआधी उपजिल्हा रुग्णालयात ईसीजी काढून डॉक्टरांना दाखवा.

आणि आता ज्या गोष्टीवर कुणी उघड बोलत नाही ती. भरतीच्या काळात मैदानाबाहेर 'दम वाढवणारी' गोळी आणि इंजेक्शन विकणारे फिरतात. त्यात काय असतं ते विकणाऱ्यालाही माहीत नसतं. उत्तेजक औषधं हृदयाचे ठोके वाढवतात आणि थकवा कळू देत नाहीत. थकवा ही शरीराची थांबण्याची खूण आहे. ती दाबून उन्हात पळणारा माणूस सरळ कोसळतो. स्टेरॉइडच्या इंजेक्शनने अंग फुगतं, शिरा मात्र तेवढ्या घट्ट होत नाहीत आणि तुटतात. पकडला गेलात तर उमेदवारी जाते. एनर्जी ड्रिंकचे दोन-दोन कॅन पिऊन रांगेत उभं राहणंही तसंच धोक्याचं.

चाचणीचा दिवस

शेवटचे सात-आठ दिवस सराव निम्म्यावर आणा. या दिवसांत जास्त पळून काही वाढत नाही, पाय मात्र जड होतात. चाचणी दुसऱ्या जिल्ह्यात असेल तर रात्रीच्या एसटीने उभं राहून जाऊन सकाळी मैदानात उतरू नका. एक दिवस आधी पोहोचा. फुटपाथवर झोपण्याची वेळ अनेकांवर येते. नातेवाईक, धर्मशाळा, गावचा कुणी तिथे नोकरीला असेल तर त्याची खोली, आधीच विचारून ठेवा. चार जणांनी मिळून स्वस्त लॉज घेतली तरी परवडते.

रात्री वडापाव, भेळ नको, नेहमीचं जेवण. सकाळी चाचणीच्या दोन-अडीच तास आधी दोन केळी किंवा गूळ-पोळी, थोडं पाणी. अगदी उपाशी नको. नंबर उशिरा लागतो, रांगेत चार-पाच तास जातात, म्हणून शेंगदाणा-गूळ, दोन केळी, पाण्याची बाटली आणि ओआरएसचं पाकीट पिशवीत हवंच. सावली मिळाली तर बसा, उगाच उभे राहू नका. ओळखपत्र, प्रवेशपत्राच्या दोन प्रती, फोटो आणि मूळ कागदपत्रं प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा. पावसाळ्यात भरती लागली तर मैदानावर चिखल असतो. २०२४ ला पावसामुळे काही ठिकाणच्या तारखा पुढे गेल्या होत्या, म्हणून निघण्याआधी संकेतस्थळ आणि मोबाईलवर आलेला मेसेज एकदा बघा. छाती किंवा उंचीच्या मोजणीबद्दल शंका असेल तर त्याच वेळी, मैदान सोडण्याआधी, तिथल्या अपील अधिकाऱ्याकडे सांगायचं.